ह्याला पोट कुठाय?

काळ्या किल्ल्यामागं, खादरभाईच्या माळ्यावर
मिहिका येते काखेत गुंडाळी मारून
आणि लादीवर पसरते.
शेंदरी-तपकिरी, चारी कडा सरळ,
जसं वहीतून फाडलेलं पान.
“बघा मावशी, ह्यात एकही जनावर नाही.”

मी हात फिरवते.
हाताला सवय, आधी कणा शोधायची.
कण्यालगतचं घट्ट, ते बॅगेच्या तोंडाला,
मान सुरकुतलेली, ती आतल्या कप्प्याला,
पोट ताणतं, ते पट्ट्याला कधीच नाही.
गोचिडीचे ठिपके, पराणीची टोच,
कुठल्या तारेच्या कुंपणात अडकली होती ही म्हैस
सगळं वाचायचं, मग रापी लावायची.

इथं वाचायला काहीच नाही.
“ह्याला पोट कुठाय?”
ती हसते. तिला वाटतं मी गंमत केली.

झेंडू आहे म्हणे.
देवळांमागून टेम्पो भरभरून निघतो तो,
भांडुपच्या कुठल्या गाळ्यात वाळवतात, दळतात,
त्यावर बुरशी धरवतात, थर दाबतात.
मी नाक लावते.
बापाच्या अंगाचा वास नाही.

बाप माझा, यल्लाप्पा,
सोलापुरात कुंडात उतरायचा गुडघाभर
बाभळीच्या सालीत, हिरड्याच्या पाण्यात.
पोटऱ्या कत्थई त्या शेवटपर्यंत कत्थईच,
सरणावरसुद्धा.
म्हणायचा, कातडं म्हैस देते, चामडं झाड करतं.
साल नसती तर आठ दिवसांत किडे.

मिहिका हे वहीत लिहून घेते.
वर लिहिते, वनस्पतिजन्य.
चांगला शब्द आहे.
बापाला ठाऊक असता तर देवळाच्या पायरीखाली
उभा राहून सांगितला असता त्यानं,
वनस्पतिजन्य आहे हो माझं, येऊ का आत.

मध्ये बारा-तेरा वर्षं मी रेक्झिन शिवलं.
त्याला ना जनावर, ना झाड, ना वास, ना वय.
वर्षभरात पापुद्रे.
एका बाईच्या पांढऱ्या ब्लाऊजवर
खांद्याशी काळी खपली सोडून गेली माझी बॅग,
ती बाई पर्स घेऊन दारात आली होती भांडायला.

आता मिहिका नमुन्याचे कागद काढते.
पट्टा. अंगठा. आणि तळ,
पावलाचा, सहा नंबर.

रापी थांबते.

आई रस्त्यात पडलेलं हारातलं फूल उचलायची,
कपाळाला लावून भिंतीच्या खबदाडीत ठेवायची.
आत जायला बंदी, पण
बाहेर पडलेलं फूल पायाखाली येऊ द्यायची नाही.
“तळ नको,” मी म्हणते. “पाकिटं कर, पट्टे कर.
निर्माल्यावर पाय कसा द्यायचा?”

“पण मावशी, प्रक्रिया झाली ना,” मिहिका म्हणते,
“आता ते फूल कुठं राहिलं?”

पोरी, हेच आम्ही सांगत होतो.
कातडं कमावलं की त्यात ढोर उरत नाही.
कमावणारा मात्र
पिढ्यान् पिढ्या ढोरच.

हे मी मोठ्यानं म्हणत नाही.
खालून खादरभाई ओरडतो, “क्या हुआ, धार गयी क्या?”
“नाही,” मी म्हणते, “धार आहे.”

शेवटी तळ जुन्या टायरचा, वर झेंडू.
मिहिका जरा हिरमुसते, मग फोटो काढते.
मी पहिली आरी मारते आणि कळतं,
चामडं धाग्याभोवती मिटतं, हे मिटत नाही.
चुकलं तर उसवून भागायचं नाही,
भोक तसंच राहणार.

एक कात्रण पायाशी पडलेलं.
हात आपोआप खाली जातो, कपाळापर्यंत येतो,
अर्ध्यात थांबतो.
बोटांना खळ लागते, चिकट, कुणाचीच नाही अशी.
कात्रण एप्रनच्या खिशात टाकते
आणि मिहिकाला विचारते,
जोडीमागं किती देणार?
टाके जास्त लागतील ह्याला, आधीच सांगते.